भानामती थांबली, घराचं काय?

आपल्याकडे घर बिघडतं त्याची एक ठरलेली रीत आहे. आधी पत्र्यावर दगड पडायला लागतात. मग दोरीवर वाळत घातलेले कपडे फाटतात, घडी करून ठेवलेली लुगडी ट्रंकेत पेटतात, जेवणाच्या ताटात माती येते, कुणाच्या अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उठतात. माणपासून जतपर्यंत ज्या मैत्रिणींनी वाड्यावस्त्यांवर काम केलं आहे त्यांना हे सांगायला नको. लोक याला भानामती म्हणतात. त्या घरातली बहुतेक माणसं खरोखर घाबरलेली असतात, रात्र रात्र दिवा चालू ठेवून बसतात. संशय जातो तो भावकीवर, नाहीतर गावातल्या एखाद्या एकट्या म्हातारीवर.

साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या पुढाकाराने १९८९ साली उभी राहिलेली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती यांनी अशा घरांमध्ये जाऊन फार मोठं काम केलं. भानामतीमागे माणसाचाच हात असतो, आणि बहुधा तो घरातल्याच कुणाचा तरी, हे त्यांनी पुन्हापुन्हा दाखवून दिलं. कार्यकर्ते घरातल्या प्रत्येकाशी वेगवेगळं बोलतात, करणारी व्यक्ती सापडते, तिचं नाव गावाला कळू देत नाहीत आणि प्रकार थांबतो. नाव न सांगण्याचा हा नियम मला या सगळ्या कामातला सर्वांत शहाणा भाग वाटतो. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. ज्या म्हाताऱ्या करणीच्या आरोपातून वाचल्या, त्यांच्या वतीने आपण त्यांचं देणं लागतो.

माझं भांडण भानामती थांबल्यानंतरच्या दिवसाशी आहे.

एक घर सांगते. गाव सांगत नाही, काही तपशीलही बदलले आहेत. नवरा मुंबईला माथाडी. गावी सासू, सासरे, धाकटा दीर आणि लग्नाला दोन वर्षं झालेली सून. कपडे पेटायला लागले. देवऋषी झाला, उतारे झाले, कोंबडं झालं. मग तालुक्याच्या गावातून काही समंजस मंडळी आली, त्यांनी शोध घेतला. सून करत होती. तिला समजावलं, नाव फोडलं नाही, भानामती थांबली. मंडळी परत गेली. पण चार भिंतींत नाव कधी लपतं का? तीन महिन्यांत ‘हिच्या डोक्यावर परिणाम झालाय’ म्हणून तिला माहेरी पोचवलं. ती आमच्याकडे आली तेव्हा मी एकच साधी गोष्ट विचारली, कुणाचे कपडे पेटत होते? सात वेळा पेटले होते. सातही वेळा दिराचे. इतक्या माणसांनी त्या घराची तपासणी केली. काडेपेटी कुठे होती, दार कोणी लावलं होतं हे सगळं विचारलं, पण कपडे कोणाचे, याची यादी कुणी केली नव्हती. दीर रात्री तिच्या खोलीत येत होता.

ती सांगणार कुणाला होती? सासूला सांगितलं तर ‘तूच असशील तशी’. नवऱ्याला फोनवर सांगावं तर फोन सासऱ्याच्या खिशात. अशी बाई पोलीस चौकीत येत नाही. ती घराकडूनच बोलवते. भानामती ही तिची फिर्याद असते, आणि आपण फिर्याद खोटी ठरवून फाइल बंद करतो.

प्रत्येक भानामतीमागे छळलेली बाईच असते असं माझं म्हणणं नाही. कधी तो शाळेचा धसका घेतलेला मुलगा असतो, कधी जमिनीच्या वाटणीवरून भावाला घालवू बघणारा भाऊ असतो. आणि याला ‘बाईचा विद्रोह’ म्हणून कुणी डोक्यावर घेऊ लागलं तर तेही मला नको आहे. पेटत्या ट्रंकेशेजारी तान्हं मूल झोपलेलं असू शकतं.

घरातल्या भीतीची ही भाषा लेखिकांनी फार आधी ओळखली होती. शर्ली जॅक्सन या अमेरिकन लेखिकेची ‘द हाँटिंग ऑफ हिल हाऊस’ ही कादंबरी १९५९ ची. तिची नायिका एलिनॉर बत्तीस वर्षांची आहे. त्यातली अकरा वर्षं आजारी आईची सेवा करण्यात गेलेली, स्वतःचं म्हणावं असं घर नाही. आणि ती बारा वर्षांची असताना, वडील वारल्यावर महिन्याच्या आत, त्यांच्या घरावर तीन दिवस दगड पडत होते! आईने शेजाऱ्यांवर आळ घेतला, दोघी बहिणींनी एकमेकींवर. वाचताना मला आटपाडीच आठवली. त्याही आधी, १८९२ साली, शार्लट पर्किन्स गिलमन यांनी ‘द यलो वॉलपेपर’ लिहिली. बाळंतीण बाई, डॉक्टर नवरा, सक्तीची विश्रांती, लिहायला बंदी. शेवटी तिला भिंतीवरच्या कागदामागे कोंडलेली बाई दिसू लागते. नवरा प्रेमळच आहे, हेच त्यातलं सगळ्यात भयंकर. १९३८ च्या ‘गॅसलाइट’ नाटकात तर नवराच घर बिघडवतो. वस्तू लपवतो, दिवे मंद होतात, आणि ‘हा तुझ्या मनाचा खेळ’ म्हणून बायकोला वेडी ठरवू बघतो.

आणि आपल्या भयकथा? नारायण धारप मी शाळेत असताना पांघरुणात बॅटरी लावून वाचले, अजूनही वाचते. पण त्यांचे ‘समर्थ’ बघा. घरात काहीतरी अमंगळ शिरतं, घर हतबल होतं, मग ज्ञानी पुरुष बाहेरून येतो आणि ते हाकलतो. घर मुळात निर्दोष! आपली भुतांची यादीसुद्धा बघा. हडळ कोण, तर बाळंतपणात किंवा विटाळात मेलेली बाई. अळवंत, तीही बाळंतपणातली. मातामृत्यूचा अहवालच आहे हा. उलट ब्रह्मसमंध हा ब्राह्मण पुरुष, तो रुबाबात धन राखत बसतो. बाई ज्या घरात मेली, त्याच घराला ती त्रास देते म्हणून पुन्हा तिलाच बाटलीत बंद करायचं. देवऋषी हेच करतो. आणि मैत्रिणींनो, राग मानू नका, घाईतला विवेकवादीही नकळत समर्थांच्याच जागी जाऊन उभा राहतो. तो भूत नाही म्हणतो, एवढाच फरक. घराला प्रश्न कुणीच विचारत नाही.

आमच्या एका बैठकीत ‘शिबिरात भुताच्या गोष्टी नकोत, अंधश्रद्धा वाढते’ असा आक्षेप आला. मला तो पटत नाही. ‘तुमच्या घरात मारहाण होते का?’ असं विचारलं की पंचवीस बायका खाली मान घालतात. ‘घरातल्या कुठल्या खोलीत जायला भीती वाटते?’ असं विचारा, मग बघा. एक माजघर म्हणते, एक गोठा म्हणते, एक म्हणते जिन्याखालची जागा. मग कारणं हळूहळू येतात. ऐंशीच्या दशकात स्टोव्ह भडकायचे ते नेमके सुनांच्याच अंगावर. तेव्हा चळवळीने स्टोव्ह तपासला नाही, घर तपासलं. ते आपण इथे का विसरतो?

डॉक्टरकडे पाठवणं हे उत्तर पुरं नाही. औषधाची गरज असते तिथे ते मिळालंच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण गोळी तिला आणि मोकळीक दिराला, याला उपचार म्हणायचं का? २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून मारणाऱ्याला, मिरचीची धुरी देणाऱ्याला सहा महिने ते सात वर्षं शिक्षा सांगतो. तो बुवाला पकडतो. घराचा कायदा वेगळा आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू. त्यात लैंगिक आणि मानसिक छळ येतो, सासरच्या घरात राहण्याचा हक्क येतो, छळणाऱ्यालाच घराबाहेर काढण्याचा आदेश मागता येतो. भानामतीच्या घरात हे दोन्ही कायदे हातात धरून जायला हवं. पण आजवर मी पाहिलेल्या एकाही घरात दुसऱ्या कायद्याचं नाव निघालं नव्हतं.

म्हणून सातारा-सांगलीतल्या संघटनांना माझं सांगणं आहे की अंधश्रद्धा निर्मूलनवाल्या मित्रांसोबत पहिल्या दिवसापासून आपल्यातल्या दोघीजणी गेल्या पाहिजेत. सुनेशी, लेकीशी बोलणं घराबाहेर व्हावं, शेतात, पाणवठ्यावर, आणि सासूशीही वेगळं व्हावं. तीही त्याच घरात कधीतरी सून होती. काय पेटलं, कोणाचं, त्या आधी घरात काय झालं होतं, हे लिहून घ्या. प्रकार थांबल्यावर महिन्याने, तीन महिन्यांनी, वर्षाने पुन्हा जा, हळदीकुंकवाचं निमित्त काढून जा हवं तर. संरक्षण अधिकाऱ्याचं नाव आणि नंबर तिच्या माहेरच्या एका माणसाकडे ठेवा. ज्या गटांनी अशा घरांत काम केलं आहे त्यांनी गावं आणि नावं वगळून आपले अनुभव पुढच्या अंकासाठी पाठवावेत. थांबलेल्या भानामतीचे नकोत, थांबल्यानंतर त्या बाईचं काय झालं त्याचे.