उकळी नको, उतार हवा





‘पाणी उकळल्याशिवाय वीज नाही’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे मला पटत नाही. अलास्कातील चेना येथे २००६ पासून जमिनीतल्या अवघ्या ७४ अंश सेल्सिअसच्या पाण्यावर वीज होते. तिथे पाण्याची वाफ करतच नाहीत. फ्रिजमध्ये वापरतात तो आर-१३४ए हा शीतकारक त्या धगीने उकळतो आणि टर्बाइन फिरवतो. मात्र खरी गरज गरम आणि थंड पाण्यातल्या तापमानाच्या उताराची, आणि त्यांच्याकडे थंड पाणीही बर्फासारखे आहे. आपल्याकडे ते ३० अंशांचे! ७० अंशांच्या झऱ्यातून सिद्धांतानेही उष्णतेच्या १२ टक्क्यांहून कमीच वीज हाती लागेल. म्हणून इथे अशी वीज करून पाहायची तर चाचणीत पंपाने खाल्लेली वीज आधी वजा करावी, आणि उरलेल्या गरम पाण्यावर आमच्या उन्हवऱ्याच्या गरम झऱ्यापाशी आमसुले, मासळी वाळवून पाहावी.

– एक वाचक, दापोली