तीन गाणी आणि एक सही

कॉन्सर्टचे फोटो काढून आलो की नातेवाइकांचं एकच म्हणणं असतं. "मजा आहे बुवा तुझी! लोक हजारो रुपये मोजतात आणि तू फुकटात सगळ्यात पुढे!" मामा, आत्या, तुम्हीही इथे वाचता म्हणून आज एकदाचं सविस्तर सांगूनच टाकतो. तेही आपल्या भोसरी-चाकणच्या भाषेत, म्हणजे लगेच कळेल.

मोठ्या पॉप कॉन्सर्टला प्रेस फोटोग्राफरसाठी जगभर चालणारा नियम आहे : पहिली तीन गाणी, फ्लॅश नाही. स्टेज आणि बॅरिकेडच्या मधल्या चिंचोळ्या जागेत उभं राहायचं, दहा-बारा मिनिटांत काय मिळेल ते टिपायचं, की निघा बाहेर. या नियमाबद्दल माझी फारशी तक्रार नाही. तिकीट काढून पुढे उभ्या राहिलेल्या पोरांसमोर आम्ही रात्रभर का नाचायचं?

तरी एक सांगतो. सवाई गंधर्वला हा नियम असता, तर विलंबित ख्याल रंगायच्या आतच फोटोग्राफर मंडपाबाहेर गेला असता. भीमसेनजींच्या गाताना टिपलेल्या ज्या मुद्रा सतीश पाकणीकरांच्या फोटोंमुळे आपल्या डोळ्यांसमोर राहिल्या, त्या घड्याळ लावून मिळाल्या नसत्या. कलाकार रंगात यायला वेळ लागतो हो! पण चला, तीन तर तीन.

खरं दुखणं पुढेच आहे. पास हातात देण्याआधी कधीकधी एक कागद पुढे सरकवला जातो. फोटो एकाच वर्तमानपत्रात, एकदाच छापायचा. परत कुठे वापरायचा नाही. आयोजक किंवा कलाकार मात्र तो हवा तिथे, हवा तितक्या वेळा, कायमचा आणि फुकट वापरणार. करा सही!

आता भोसरीतलं जॉबवर्क आठवा. कंपनी मटेरियल देते, ड्रॉइंग देते, आपण मशीन चालवायचं आणि नगामागे पैसे घ्यायचे. मटेरियल त्यांचं, म्हणून तयार पार्टही त्यांचा. ठीक आहे. पण समजा मटेरियल तुमचं, मशीन तुमचं, टेम्पोचं भाडं तुमचं, मजुरी शून्य, आणि पार्ट मात्र कंपनीचा! वर तो पार्ट तुम्ही दुसऱ्या कुणाला विकायचा नाही. अख्ख्या एमआयडीसीत अशी ऑर्डर कोणी घेईल का? मग कॅमेरा माझा, लेन्स माझी, पेट्रोल माझं, आणि फोटो छापून आला तरच पैसे मिळणाऱ्या माझ्यासारख्याने ती का घ्यायची?

आणि सही का लागते तेही ऐका. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा पहिला मालक फोटो काढणाराच. नोकरीत काढला किंवा कोणी पैसे देऊन काढून घेतला तर गोष्ट वेगळी. २०१२च्या दुरुस्तीनंतर तर हा हक्क लेखकासारखाच हयातभर आणि पुढे ६० वर्षं टिकतो. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. म्हणूनच तो कागद!

"अरे, पण कलाकाराचा चेहरा आहे, त्याचा काहीच हक्क नाही का?" आहे की. त्याचा फोटो टी-शर्टवर छापून विकू नको म्हणा, एका पायावर कबूल. पण गुपिताचा आव नको. चाकणच्या कंपनीत गेटवर मोबाइलच्या कॅमेऱ्याला स्टिकर लावतात, कारण आत उद्याचं मॉडेल असतं. इथे मला बाहेर काढतात तेव्हा मागे हजारो मोबाइल हात वर करून शूटिंग करत असतात! अडचण फोटोची नाहीच. फोटो कोणाच्या मर्जीतला, हा प्रश्न आहे. रिकाम्या खुर्च्या आणि गेटवरची चेंगराचेंगरी आयोजकांच्या फोटोंत कधी दिसत नाही.

यावर काही करता येतं का? येतं. २०१५ साली टेलर स्विफ्टने ॲपलला सुनावलं की कलाकारांकडून फुकट काम करून घेऊ नका. लगेच एका ब्रिटिश फोटोग्राफरने तिच्याच टूरचा करार दाखवून विचारलं, मग आमचं काय? 'आयरिश टाइम्स'ने तिच्या डब्लिनच्या कार्यक्रमाचे फोटो छापले नाहीत. महिन्याभरात जाचक अटी सैल झाल्या. त्याच वर्षी 'फू फायटर्स'चा करार नाकारून क्युबेकच्या 'ल सोलेय'ने फोटोग्राफरऐवजी चक्क चित्रकार पाठवला!

एवढं लांब कशाला? २०१२च्या इंग्लंड दौऱ्यात क्रिकेट बोर्डाने काही फोटो एजन्सींना प्रवेश नाकारला, तेव्हा एपी, एएफपी आणि रॉयटर्सने आपलं वार्तांकन थांबवलं. त्याच दौऱ्यातला २० डिसेंबरचा टी-ट्वेंटी सामना आपल्या गहुंज्याला झाला होता.

आपल्याकडे मात्र संपादक म्हणतात, "तू सही कर रे, नाहीतर दुसऱ्याला पाठवतो." आणि तो दुसरा खरंच जातो. म्हणून राग आयोजकांपेक्षा आपल्याच लोकांचा जास्त येतो. बातमी छापा, फोटोची चौकट कोरी सोडा आणि खाली कारण लिहा. एका रविवारी पुण्या-पिंपरीतल्या चार अंकांत कोरी चौकट दिसली, तर पुढच्या वेळचा कागद वेगळा असेल.

तेव्हा मित्रांनो, ज्यांच्या गळ्यात कॅमेरा आहे त्यांना एवढंच सांगणं : तीन गाणी मान्य. सही नाही. आणि मी नाही म्हटल्यावर माझ्या जागी जाऊ नका.