मैत्रीवाचून मनःशांती

हल्ली आमच्या सुशिक्षित कुटुंबांतून मनःशांतीची मोठीच ओढ दिसू लागली आहे. कोणी दहा दिवसांची रजा काढून इगतपुरीस जाऊन येतो. कोणी पहाटे डोळे मिटून श्वासाकडे लक्ष देत बसतो. या ओढीस आम्ही नावे ठेवीत नाही. सदैव धुमसणाऱ्या घरापेक्षा स्वस्थ घर केव्हाही बरे. आमचा आक्षेप आहे तो एवढाच की, जी शांती शेजारच्या माणसाचे दुःख तिळभरही हलके करीत नाही, तिला बुद्धाचे नाव देण्याचा अधिकार कोणासही नाही.

बुद्धाने सांगितलेल्या मार्गाची आठ अंगे आहेत. त्यांत सम्यक् स्मृती, म्हणजे सावध राहून आपल्या देहाचे व मनाचे व्यापार पाहणे, हे सातवे अंग होय. त्यापूर्वी सम्यक् वाचा, सम्यक् कर्मान्त व सम्यक् आजीविका ही तिसरे, चौथे व पाचवे अंग म्हणून येतात. म्हणजे काय बोलतोस, काय करतोस व कशावर पोट भरतोस, हे प्रश्न आधी विचारून मग डोळे मिटावयास सांगितले आहे. आमच्या मंडळींस मात्र सातवे अंग तेवढे हवे असते! मोलकरणीचे खाडे मोजून पगार कापावयाचा, कुळाकडून चढे भाडे घ्यावयाचे, आणि या सर्वांमुळे मनास येणारी टोचणी श्वासाकडे पाहून शमवावयाची, याला साधना म्हणावे की झोपेची गोळी?

हा दोष शिकविणाऱ्यांवर ढकलता येणार नाही. ब्रह्मदेशात जन्मलेले सत्यनारायण गोएंका १९६९ साली भारतात आले, आणि १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर विपश्यनेची शिबिरे सुरू झाली. तेथे शुल्क घेत नाहीत. पूर्वीच्या साधकांनी दिलेल्या दानावर नव्या साधकाचे अन्न चालते. आरंभी पंचशीलाचे व्रत, मग मौन, श्वासाचे व संवेदनांचे निरीक्षण, आणि दहाव्या दिवशी प्राणिमात्राविषयी मैत्रीभावना, असा तेथील क्रम आहे. आरंभी शील, शेवटी मैत्री! आमचे साधक मधले तेवढे घेऊन घरी येतात. दोन्ही टोके इगतपुरीच्या स्टेशनावरच राहून जातात.

यावर उत्तर ठरलेले आहे: 'आधी आमचे मन तर शांत होऊ द्या, मग जगाचे पाहू.' यात थोडे तथ्य आहे. संतापलेल्या माणसाच्या हातून सेवाही धड होत नाही. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय विद्यालयात हीच सावधानता जुनाट दुखणाइतांना शिकविण्यास आरंभ केला. दुःखिताचे दुःख हलके करणे हीच करुणा, तेव्हा त्याविरुद्ध आमचा शब्द नाही. परंतु तेच औषध पुढे कचेऱ्यांतून, कामाच्या भाराखाली वाकलेल्या कारकुनास भार उतरवून न देता तो सोसण्यासाठी पाजले जाऊ लागले. शिवाय हे 'आधी' संपते केव्हा? दहा-दहा शिबिरे झालेल्यांचेही ते संपलेले आम्हांस दिसत नाही.

भोर तालुक्यातील भोंगवली नीरेच्या अलीकडे. पलीकडे शिरवळजवळच्या डोंगरात बौद्ध भिक्षूंची लेणी आहेत. लोक त्यांस पांडवदरा म्हणतात. तेथे ध्यानास बसणारा भिक्षू भिक्षेसाठी गावातच येत असे. गावाकडे पाठ फिरवून त्याचे ध्यान चालत नव्हते. आमच्या वाचकांपैकी अनेकांची मूळ घरे अशाच गावांतून आहेत. थोरला पुण्यास नोकरीत, धाकटा गावी शेत कसतो, आणि बांध कोरल्यावरून किंवा विहिरीच्या पाण्यावरून दोघांत वर्षानुवर्षे दावा चालू असतो. डॉक्टर आंबेडकरांच्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण रोहिणी नदीच्या पाण्यावरून पेटलेले शाक्य-कोलियांचे भांडण, हेच सांगितले आहे. पाण्यावरून रक्त सांडावे, हे त्याला मान्य नव्हते. त्या बुद्धाची विद्या शिकून आलेला थोरला भाऊ पुढल्या तारखेस वकिलासह शांत चित्ताने उभा राहत असेल, तर त्या शांतीपेक्षा धाकट्याचा उघड संताप अधिक प्रामाणिक नव्हे काय?

आणखी एक गोष्ट कडू लागली तरी बोलली पाहिजे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास लाखो लोकांनी बुद्धाचा धम्म स्वीकारला, तो माणूस म्हणून ताठ मानेने जगण्यासाठी. त्यांच्या बुद्धाशी आमच्या पांढरपेशा साधकाचे नाते काय? इगतपुरीस तो दहा वेळा जातो. स्वतःच्या गावच्या बौद्धवाड्यात मात्र त्याने एकदाही पाऊल टाकलेले नसते.

म्हणून साधनेची परीक्षा आसनावर होत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. कामवालीच्या हातून कपबशी फुटली, भावाचे कडवट पत्र आले, हाताखालच्या माणसाने चूक केली, की त्या क्षणी उसळलेला राग ओळखून थांबता आले पाहिजे. एवढे शिबिरात साधते. पण थांबून पुढे काय केले? कपबशीचे पैसे कापले की नाही? पत्राला उत्तर वकिलाने दिले की आपण? मैत्री तेथे दिसली तरच मिटलेल्या डोळ्यांना अर्थ आहे. नाही तर डोळे मिटूनच घेतले, एवढेच म्हणावे लागेल.