शिंगांचं श्रेय बंदुकीला कशाला?

गोदामाचं भाडं सुरू झालं, बंगला झाला, वाड्याला किंवा शहापूरला दहा-वीस एकर घेऊन झाले की आमच्या ठाणे जिल्ह्यातल्या काल्हेर-अंजूर पट्ट्यातला माणूस नव्या नव्या कल्पनांना मोकळा होतो. त्यातली एक कल्पना हल्ली वारंवार कानावर येते. अमेरिकेत म्हणे मोठमोठ्या कुरणांना उंच कुंपण घालतात, आत हरणं राखतात, त्यातली निवडून मारतात आणि उरलेल्यांची शिंगं वर्षागणिक मोठी होत जातात. पाहुणा डॉलर मोजून एक नर टिपतो, जमीनवाल्याला पैसा मिळतो, जंगलही राहतं. मग आपल्याकडेच बंदी का? शिवाय टेक्ससमध्ये जी मारतात त्यात आपलं चितळही आहे. ही गोष्ट खरी आहे. 1932च्या सुमारास ते तिकडे नेलं गेलं आणि आज कुंपणाच्या आत-बाहेर हजारोंनी आहे.

पूर्वपक्ष नीट मांडायचा तर त्यात तीन गोष्टी आहेत. खुज्या, वाकड्या शिंगांचे नर आधी मारावेत, म्हणजे वीण सुधारते. तरुण नर राखून ठेवावेत आणि पोक्ते झाल्यावरच टिपावेत. आणि जमिनीची निगा राखावी: चारा पेरावा, पाणवठे करावेत, खनिजांचं चाटण ठेवावं. तिन्ही एकत्र केल्या की शिंगं वाढतात. वाढतात, यात वादच नाही. वाद आहे तो कशामुळे वाढतात याचा.

आमच्याकडे या कल्पनेला एक घरचा दाखला लगेच जोडला जातो. शर्यतीचा बैल आपण निवडूनच तयार करतो ना, मग हरणाचं काय वेगळं? पण हाच दाखला त्या कल्पनेच्या मुळावर येतो. खोंड घेताना जाणता माणूस आधी त्याची आई कुठली आणि बाप कोण हे विचारतो. वशिंड बघतो, खूर बघतो, चाल बघतो. जो बेताचा निघेल तो बडवून नांगराला जुंपतो आणि जो सर्वात देखणा त्याला वळू म्हणून राखतो. गावातला सर्वात देखणा वळू दर हंगामाला कापून त्याचं डोकं दिवाणखान्यात लावणारा पैदासकार कुणी पाहिलाय? शिकारी नेमकं तेच करतो, कारण पैसे मोजलेला पाहुणा वाकड्या शिंगाचा नर टिपायला येत नाही.

याचा परिणाम कॅनडात मोजून झालेला आहे. अल्बर्टा प्रांतातल्या राम माउंटन या डोंगरावर मोठ्या शिंगांच्या रानमेंढ्यांची तीस वर्षं एकेक करून नोंद ठेवली गेली. तिथे नियमच असा होता की शिंगाचा वळसा अमुक इतका झाला तरच मेंढा मारायचा. ज्यांची शिंगं झपाट्यानं वाढत ते मेंढे कोवळ्या वयातच कायदेशीर सावज ठरले आणि माद्यांपर्यंत पोचायची त्यांची पाळी यायच्या आत गेले. 2003 साली ‘नेचर’ या नियतकालिकात निष्कर्ष छापून आला: मेंढ्यांची शिंगं आणि वजन दोन्ही पिढ्यांगणिक घटत गेलं. यात चोरटी शिकार नव्हती, नियम मोडणं नव्हतं. परवाना घेऊन, फी भरून केलेली ही निवडक शिकार होती.

यावर उत्तर येतं की आम्ही चांगले नाही, वाईट मारू. तेही करून झालंय, आणि खुद्द टेक्ससमध्ये. कोमांची रँच नावाच्या प्रचंड कुरणावर या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत तिथल्या विद्यापीठाच्या संशोधकांनी वर्षानुवर्षं हेलिकॉप्टरमधून जाळी टाकून पांढऱ्या शेपटीचे नर पकडले, शिंगं मोजली, ठरलेल्या मापात न बसणारे मारले, उरलेल्यांच्या पिल्लांचे बाप डीएनएवरून शोधले. इतका खटाटोप आपल्या वनखात्याला किंवा वाड्याच्या फार्महाउसवाल्याला सात जन्मांत जमायचा नाही. तरीही रक्तात सुधारणा दिसली नाही. जिथे कापणी सर्वात कडक होती तिथे नर तेवढे कमी झाले.

याची कारणं समजायला विद्यापीठ लागत नाही. पिल्लाला अर्धा वारसा आईकडून येतो आणि चितळ-सांबराच्या मादीला शिंगंच नसतात, मग मादी निवडणार कशावरून? पहिल्या वर्षी नराच्या डोक्यावर नुसती सुळक्यासारखी शिंगं आली तर तो नालायक ठरत नाही. कदाचित तो उशिरा जन्मला असेल, कदाचित त्याच्या आईला त्या उन्हाळ्यात पोटभर मिळालं नसेल. चितळाच्या बाबतीत तर घोटाळा आणखी मोठा. थंडीच्या देशांतल्या हरणांची शिंगं एका ठरलेल्या ऋतूत एकदमच उगवतात आणि गळतात. चितळ जवळपास बारा महिने वितं. त्यामुळे एकाच कळपात एका नराची शिंगं पूर्ण घासून टणक झालेली, दुसऱ्याची मखमलीतली अर्धी वाढलेली आणि तिसऱ्याची नुकतीच गळलेली, असं चित्र कोणत्याही महिन्यात दिसू शकतं. मचाणावर बसलेला पाहुणा दुर्बिणीतून यातला ‘खुजा’ कोण ते कसं ठरवणार? ज्याची शिंगं तयार व्हायला दोन महिने उरलेत त्यालाच तो खुजा म्हणून उडवील.

बंदुकीनं वीण सुधारण्याची ही कल्पना मुळात टेक्ससचीही नाही. जर्मनीतले वनाधिकारी फर्डिनांड फॉन रेसफेल्ड यांनी बंदुकीनं हरणांची जोपासना करण्याचा विचार रुजवला. पुढे 1934च्या शिकार कायद्यानं त्याला सरकारी शिक्का मिळाला, आणि त्या नाझी राजवटीत शिकारखात्याचा प्रमुख होता हेरमान गोअरिंग. कमअस्सल वेचून काढले की वंश शुद्ध होतो, या समजुतीचं त्या लोकांनी हरणांपलीकडे काय केलं ते जगाला ठाऊक आहे. त्यांनी उचलली म्हणून कल्पना चूक ठरत नाही, हे मान्य. पण त्याच काळात, त्याच मुलखाच्या कडेला, बोहेमियातल्या श्नेबर्ग इथं फ्रांझ फोग्ट या माणसानं वेगळाच प्रयोग केला. कुंपणातल्या हरणांना त्यानं तिळाची पेंड चारली. प्रथिनं आणि स्फुरद भरपूर मिळाल्यावर थोड्याच पिढ्यांत त्यांची अंगं आणि शिंगं अशी वाढली की तिकडचे मुरलेले शिकारी चकित झाले.

अमेरिकेत या साऱ्याची शिस्तबद्ध मांडणी झाली ती 1975 सालच्या अल ब्रदर्स आणि मर्फी रे यांच्या पुस्तकापासून. त्या पद्धतीचा गाभा पाहिला तर तीनच कलमं हाती लागतात: वय, चारा आणि संख्या. पांढऱ्या शेपटीच्या नराची शिंगं पाच ते सात वर्षांच्या वयात भरतात, म्हणून दीड वर्षाचं पोर मारू नका. चारा सुधारा. आणि माद्या कमी करा, म्हणजे उरलेल्यांच्या वाट्याला जास्त येईल. बंदुकीचं खरं काम असेल तर ते या शेवटच्या कलमात आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यात मरते ती मादी, भिंतीवर न लागणारी. आणि आमच्या बाजूला हे काम बिबट्या करतो, परवाना न मागता. बोरिवली-येऊरच्या जंगलात चितळं फार झाली म्हणून बंदूकवाले बोलवावे लागलेत, असं कधी ऐकलेलं नाही.

शिंग म्हणजे हाडच, दरवर्षी नव्यानं घडवलेलं. त्यासाठी लागणारा चुना आणि स्फुरद नर काही अंशी स्वतःच्या सांगाड्यातून उसना काढतो आणि पुढे चाऱ्यातून फेडतो. रानात पडलेलं सांबराचं जुनं शिंग उचलून पाहिलं तर टोकांवर बारीक, समांतर, छिन्नीनं कोरल्यासारख्या खोबणी दिसतात. ते साळिंदराचे दात. चुन्याच्या भुकेपोटी साळिंदर शिंग कुरतडतं, कधी हरणंही चघळतात. कोकणच्या पावसानं धुतलेल्या जमिनीत ही भूक अधिकच. (शिंग तिथेच ठेवावं. घरी आणलं तर कायदा आड येतो, आणि साळिंदराच्या तोंडचा घासही जातो.)

विरोधकांचा एकच दाखला मला खरोखर वजनदार वाटतो, तो मारखोर या रानबोकडाचा. पाकिस्तानात बलुचिस्तानच्या तोरघर डोंगरात 1980च्या दशकात टोळीवाल्यांनी आपली बेबंद शिकार थांबवली, परदेशी पाहुण्यांना मोजकेच म्हातारे नर मारू दिले, त्या पैशातून राखणदार नेमले आणि मारखोर वाढले. तिकडच्या इतर भागांतही परवान्याच्या रकमेतला ऐंशी टक्के वाटा गावांना जातो. मानलं. पण तिथे मारखोर वाचला तो पगारी राखणदारामुळे आणि गावाच्या बंदीमुळे. गोळी घातल्यानं मागे राहिलेल्यांची शिंगं वाढली, असं ते स्वतःही म्हणत नाहीत.

हरणं बंदुकीखेरीजही वाढतात, आणि ती महाराष्ट्रात वाढलेली आहेत. ताडोबात शिकार 1935 सालीच बंद झाली, 1955 साली राष्ट्रीय उद्यान झालं. पुढे आतली काही गावं बाहेर वसवली गेली, नवेगाव त्यातलंच. जिथे शेतं होती तिथे गवत आलं आणि गवतावर चितळांचे कळप आले. मेळघाटात बोरी, कोहा, कुंड उठल्यावरही तेच झालं. मात्र गाव उठलं की कुरण आपोआप होत नाही. तरोटा माजतो, घाणेरी घुसते, रानतुळस पसरते. अमरावतीचे गवततज्ज्ञ डॉ. गजानन मुरतकर यांच्यासारख्यांनी वनरक्षकांना पवन्या कुठला आणि कुसळी कुठली ते ओळखायला शिकवलं, फुलोऱ्याआधी तण उपटायला लावलं, तेव्हा कुठे कुरणं उभी राहिली. गावं उठवताना लोकांवर जे ओढवलं त्याचा हिशेब वेगळा मांडावा लागेल, आणि तो मांडलाच पाहिजे.

कुणी म्हणेल, राजांनी शिकारीसाठी राखलं म्हणूनच दाजीपूर उरलं. खरंय. कोल्हापूरकरांच्या शिकारीचं ते रान 1958 साली अभयारण्य झालं. पण तिथली झाडं उभी राहिली ती इतरांची कुऱ्हाड आणि इतरांची बंदूक बाहेर ठेवल्यामुळे.

इथे एक सरमिसळ टाळायला हवी. माधव गाडगीळांसारख्या ज्येष्ठ परिसरतज्ज्ञानं 1972चा वन्यजीव कायदाच रद्द करावा आणि लोकांना शिकारीचा हक्क द्यावा, असं जाहीरपणे म्हटलं. विदर्भातला शेतकरी रोही आणि रानडुकरांपायी रात्र रात्र शेतात जागतो. जून 2016 मध्ये यावरूनच प्रकाश जावडेकर आणि मनेका गांधी हे एकाच मंत्रिमंडळातले दोघे जाहीरपणे भांडले. तो वाद पिकाचा आहे, पोटाचा आहे, आणि त्यात मी शेतकऱ्याच्या बाजूचा आहे. डुकरानं भात लोळवला म्हणून बार काढणारा माणूस सुळ्यांची लांबी मोजत नाही. त्याच्या गाऱ्हाण्याआड भिंतीवरच्या शिंगांचा शौक लपवून आत आणणं मला अप्रामाणिक वाटतं.

आता आमच्या बाजूचं. काल्हेरच्या रेतीबंदरावरून खाडीपलीकडे येऊरचे डोंगर दिसतात. उत्तरेला वसईच्या खाडीअलीकडे नागला, त्यावर 2003 साली अभयारण्य झालेला तुंगारेश्वर, पूर्वेला तानसा. या रानांना जोडणाऱ्या पट्ट्यावरून दिवा-वसई रेल्वे जाते, चिंचोटी-अंजूरफाटा रस्ता जातो, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दर वर्षी नवा भराव पडतो. भराव पडतो तो बहुतेक वरकस जमिनीवर. भात खाचरात व्हायचा. वरकसावर राबासाठी पालापाचोळा आणि गवत. ठाणे जिल्ह्यातलं हे गवत गाठी बांधून मुंबईच्या तबेल्यांत जायचं आणि कापणी होईपर्यंत भेकर, ससा यांना त्यात आडोसा असायचा. तबेले हटले, गवताचा भाव पडला, वरकस म्हणजे पडीक असं सगळे म्हणू लागले. मग ती गोदामाला गेली, आणि देणाऱ्याला मी दोष देत नाही. पोरांच्या शिक्षणाला गवत पुरत नव्हतं.

तेव्हा शहापूरच्या वीस एकरांना उंच कुंपण घालून आत चितळ सोडायचं स्वप्न बघणाऱ्यांना माझं म्हणणं इतकंच, की कायदा बदलायचाच असेल तर तो वरकसासाठी बदलून मागा. जो मालक भराव टाकणार नाही, होळीआधी जाळरेषा काढील, रानमोडी उपटील, बांधावरचे फास काढून टाकील, त्याला सरकारनं एकरी, दरवर्षी, गवताचे रोख पैसे द्यावेत. किती द्यावेत, तर शेजारच्या गोदामाच्या भाड्याशी थोडी तरी तुलना करता येईल इतके. नाहीतर पुढच्या मार्चपर्यंत तिथेही पत्रे उभे राहतील.