न जुळणारे आकडे

जुन्या रिव्हॉल्व्हरच्या बाजारात एक नियम सगळ्यांना पाठ असतो: सांगाड्यावरचा, चापाच्या कड्यावरचा आणि मुठीच्या पाठपट्टीवरचा अनुक्रमांक एकच हवा. जुळला तर भाव चढतो. नाही जुळला तर ते जोडाजोडीचे हत्यार ठरते. बहुतेक वेळा हा नियम बरोबरच असतो. कोल्ट कंपनीच्या 1873च्या ‘सिंगल ॲक्शन आर्मी’पुढे मात्र तो अडखळतो.

अमेरिकी लष्कराने 1891 पर्यंत ही सुमारे 37 हजार रिव्हॉल्व्हर घेतली. नळी साडेसात इंचांची, मुख्यतः घोडदळासाठी. पुढे 1895 पासून त्यांतली हजारो दुरुस्तीला गेली. नळ्या साडेपाच इंचांवर कापल्या, हत्यारे खोलली, सुटे भाग साफ केले आणि हाताला आला तो भाग बसवला. आकडे जुळवत बसण्याची बहुतेकदा कुणाला गरज वाटली नाही. संग्राहक यांना ‘आर्टिलरी मॉडेल’ म्हणतात. 1898चे स्पेनविरुद्धचे युद्ध आणि त्यानंतरची फिलिपिन्सची लढाई यांनी पाहिली. इथे न जुळणारे आकडे हा दोष नव्हे, लष्करी दुरुस्तीची ती खूण आहे. नियमावर बोट ठेवून अशा रिव्हॉल्व्हरचा भाव पाडणे मला अन्यायाचे वाटते.

पण म्हणून प्रत्येक विसंगतीला दुर्मीळ म्हणायचे का? नाणी जमवणारे चुकीच्या ठशाच्या नाण्याला जास्त पैसे मोजतात, मग इथे का नको, असा युक्तिवाद होतो. तो पुरा पटत नाही. टांकसाळीतली चूक टांकसाळीतच होते. रिव्हॉल्व्हरवर आकडा उमटवायला मात्र पुढची दीडशे वर्षे कुणालाही हातोडी आणि अंकांचे पंच पुरेसे होते. ऑर्व्हिल एन्सवर्थ या लष्करी तपासनिसाची ‘ओडब्ल्यूए’ ही आद्याक्षरे असलेल्या सुरुवातीच्या हत्यारांना मोठी किंमत येते, कारण 1876 मध्ये लिटल बिगहॉर्नला लढलेल्या सातव्या घोडदळाशी त्यांचा संबंध जोडला जातो. साहजिकच ही तीन अक्षरे खोटीही ठोकली गेली.

अशा वेळी भिंग हातात घ्यावे. पंच बसला की धातू कडेला किंचित उचलला जातो. कारखान्यात ठसा आधी आणि झिलई नंतर, म्हणून झिलई अंकाच्या तळापर्यंत उतरलेली असते. तळ उघडा चमकत असेल, तर ठसा मागाहूनचा असण्याची शंका घ्यावी. लाकडी मुठीची कड धातूच्या वर आलेली बोटाला लागली, स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट झाल्या असल्या, तर समजावे की धातू घासला गेला आहे. घासण्यामागे बहुधा काहीतरी पुसायचे असते.

कंपनीच्या जुन्या नोंदींवरून मिळणारे पत्र हा मोठा आधार आहे. त्या क्रमांकाचे हत्यार कधी आणि कुणाकडे रवाना झाले, हे ते सांगते. मात्र पत्र बोलते ते आकड्याबद्दल. समोरच्या लोखंडाबद्दल नव्हे. खरा आकडा खोट्या सांगाड्यावर असला, तरी पत्र तेच येईल. म्हणून पत्र आणि धातू दोन्ही एकच गोष्ट सांगत असतील, तेव्हाच वेगळेपणाचे जादा पैसे द्यावेत. विसंगतीचे कारण दाखवता येत नसेल, तर भाव सुट्या भागांचाच. त्यात एखाद्या खऱ्या विक्रेत्याचे नुकसान होईल, हे मी मान्य करतो. तरीही पुराव्याचा भार विकणाऱ्यावरच हवा, कारण जादा किंमत तो मागतो आहे.

मला सर्वांत जास्त खंत आहे ती आर्टिलरीला साडेसात इंची नवी नळी चढवून ‘घोडदळाचे’ म्हणून विकण्याची. असे करताना कारागीर फिलिपिन्सपर्यंत जाऊन आलेला एक खरा दस्तऐवज नष्ट करतो, आणि त्या बदल्यात उरते ती फक्त लांब नळी.