टेकडी कुणाची?

पुण्यात टेकड्या वाचवण्याचा विषय निघाला की आपल्यापैकी बरेच जण गप्प बसतात. हा सकाळी बूट घालून फिरायला जाणाऱ्यांचा प्रश्न आहे, आपल्याला आधी नोकरी हवी, नळाला पाणी हवे, असे अनेकांना वाटते. हा समज आपल्यालाच महागात पडणारा आहे, असे माझे मत आहे.

वेताळ टेकडीचेच पाहा. शहरातली ही सर्वांत उंच टेकडी. गवताळ माळ, जुन्या दगडखाणीत साठलेले पाणी, झुडपांत फिरणारे मोर. बालभारती ते पौड फाटा रस्ता आणि दोन बोगदे यांसाठी तिला हात लागणार असे दिसताच, एप्रिल २०२३ मध्ये हजारो पुणेकर रस्त्यावर उतरले. वाहतुकीची कोंडी खरी आहे, ती नाकारून चालणार नाही. पण रस्ता दुसरीकडून काढता येतो, बस वाढवता येतात. फोडलेली टेकडी पुन्हा उभी करता येत नाही.

या लढ्याला बळ मिळाले ते रोजच्या वावरातून. टेकडीवर येणारी माणसे वर्षानुवर्षे बाटल्या भरून रोपांना पाणी घालतात, प्लास्टिक उचलतात, उन्हाळ्यात वणव्यांवर लक्ष ठेवतात. पूर्वी इथे सरसकट गिरिपुष्प लावले गेले, त्याखाली मूळचे गवत दबले. म्हणून नुसते झाड लावणे पुरेसे नाही, ते कोणते आणि कुठे हेही आता लोक विचारतात.

आता आपला संबंध. टेकडीवर पडलेला पाऊस गवत आणि माती अडवते, खडकाच्या भेगांतून तो खाली मुरतो आणि आपल्या बोअरवेलला पाणी येते. उतार फोडून सिमेंट ओतले की तेच पाणी लोंढा होऊन ओढ्यात येते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या डोंगरातून येणारा आंबिल ओढा फुगला. त्या पुरात पुणे परिसरात वीसहून अधिक माणसे गेली. पाऊस प्रचंड होता, ओढ्याची पात्रेही अरुंद झाली होती. पाणी आधी शिरले ते ओढ्याकाठच्या सखल वस्त्यांत. उतार फोडून कमावणारा एक असतो आणि ज्याचे घर वाहून जाते तो दुसराच असतो.

कोंढवा, येवलेवाडी, कात्रज या आपल्या रोजच्या भागांतही टेकड्यांचे उतार पोखरले जात आहेत. १९९७ मध्ये महापालिकेत आलेल्या २३ गावांच्या आराखड्यात टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण आहे. पण कागदावरचे आरक्षण जागेवर टिकते ते कुणीतरी पाहत असेल तरच.

म्हणून मित्रमैत्रिणींनो, येत्या रविवारी जवळच्या टेकडीवर जा. अम्मीला, बहिणींना, शेजारच्या मुलांना सोबत घ्या. दाटीवाटीच्या मोहल्ल्यात राहणाऱ्यांना फुकट मोकळी हवा देणारी दुसरी जागा शहरात फारशी उरलेली नाही. जाताना दोन बाटल्या पाणी न्या, येताना कचरा खाली आणा. आपल्या भागाचा विकास आराखडा उघडून टेकडीवर कोणते आरक्षण आहे ते बघा. कुठे मुरूम उपसला जात असेल, तर तारखेसह फोटो काढा आणि तहसीलदार व महापालिका दोघांकडे लेखी तक्रार करा. पोच घ्यायला विसरू नका.

सातबारा कुणाच्याही नावावर असो, टेकडीचे पाणी आपल्या घरात येते. ते बोअरमधून यावे की दरवाज्यातून, हे ठरवताना आपणही हजर असायला हवे.