डब्याची मागची बाजू वाचा

मोटारसायकलच्या इंजिन ऑईलवर वाद घालणाऱ्यांचे दोन पंथ आहेत. पहिला पंथ गॅरेजातला. हे लोक ऑईलचा थेंब अंगठ्यात आणि बोटात धरून चोळतात, तार सुटते का बघतात आणि मान डोलावतात. म्हणजे थेट साखरेच्या पाकाची परीक्षा! दुसरा पंथ आपला, आयटीवाल्यांचा. आपण बोटं घाण करत नाही. आपण डब्याच्या पुढच्या बाजूला 'फुल्ली सिंथेटिक' वाचतो, किंमत बघतो आणि जितके पैसे जास्त तितकं इंजिन खूश, असं समजून चालतो. मला दोन्ही पंथांचा वैताग आहे, पण आपल्या पंथाचा जरा जास्तच. कारण आपल्याला वाचता येतं आणि विकांताला वेळही असतो.

हे सगळं सुचलं ते नारायणगडामुळे. बीडजवळचा नारायणगड, नगद नारायण महाराजांचं देवस्थान, 'धाकटी पंढरी'. (ऑक्टोबर २०२४ च्या दसरा मेळाव्यात टीव्हीवर पाहिला असेल, तोच.) गडाच्या परिसरातल्या एका गावात माझा मावसभाऊ राहतो. त्याच्याकडे जुनी स्प्लेंडर आहे आणि तिच्यावर रोज दुधाचे कॅन जातात. त्याचा पुतण्या पुण्यात आपल्यासारखाच कोड पाडतो. त्याच्या कारच्या सर्व्हिसिंगमधून लिटरभर ०डब्ल्यू-२० फुल्ली सिंथेटिक उरलं होतं. "काका, भारीतलं आहे," असं म्हणून त्याने ते सुट्टीत स्प्लेंडरमध्ये ओतलं. प्रेमानेच ओतलं, त्यात शंका नाही.

महिन्याभरात गाडी चढावर नुसती ओरडायला लागली. रेस वाढते, गाडी ओढत नाही. गावच्या मिस्त्रीने ऑईल बोटावर घेतलं. "पाण्यावानी ऑईल टाकल्यावर काय हुईल दादा?" त्याने क्लच प्लेटा बदलल्या, २०डब्ल्यू-५० टाकलं आणि बिल दिलं. दोन दिवस दूध दुसऱ्याच्या गाडीवर गेलं ते वेगळंच. पुतण्याचं फोनवर म्हणणं असं, की जुन्या गाडीला चांगलं ऑईल पचत नाही.

दोघेही चूक!

कारमध्ये क्लच कोरडा असतो, ऑईलशी त्याचा संबंध नसतो. बहुतेक मोटारसायकलींत मात्र इंजिन, गिअर आणि क्लच तिघं एकाच ऑईलमध्ये अंघोळ करतात. कारच्या पातळ ऑईलमध्ये इंधन वाचावं म्हणून घर्षण कमी करणारी रसायनं घातलेली असतात. इंजिनला ती हवीच असतात, पण क्लच तर घर्षणावरच चालतो. हा घोटाळा जपान्यांनी कधीच ओळखला होता. १९९८ मध्ये त्यांनी जासो टी ९०३ हे खास मोटारसायकलच्या ऑईलचं मानक काढलं. त्यात 'एमए' म्हणजे ओल्या क्लचला चालणारं, 'एमबी' म्हणजे घर्षण कमी असलेलं, ओला क्लच नसलेल्या स्कूटरसाठी. २००६ मध्ये एमएचे एमए१ आणि एमए२ असे भाग पडले. ही दोन अक्षरं डब्याच्या मागे असतात. पुतण्याने डबा उलटा करून ती शोधली असती तर सापडली नसती, आणि तिथेच विषय संपला असता.

म्हणजे क्लच घसरला तो ऑईल पातळ होतं म्हणून नाही. स्प्लेंडरच्या मॅन्युअलमध्ये १०डब्ल्यू-३० लिहिलंय, तेही मिस्त्रीच्या बोटांना 'पाण्यावानी'च लागेल, आणि एमए असेल तर क्लच मुकाट धरून ठेवेल. प्लेटा उघडण्याआधी नुसतं ऑईल बदलून बघायला काय हरकत होती? (०डब्ल्यू-२० त्या इंजिनसाठी नव्हतंच. बेअरिंगवरची फिल्म पातळ पडते, हा त्याचा दुसरा गुन्हा.)

आता त्या पाकाच्या परीक्षेबद्दल. श्यानता (विश्वकोशातला शब्द, गॅरेजात 'जाडपणा') तापमानाप्रमाणे प्रचंड बदलते. साध्या १०डब्ल्यू-३० ची श्यानता ४० अंशांना साधारण ७० सेंटिस्टोक असते, ती १०० अंशांना ११ च्या आसपास येते. २०डब्ल्यू-५० ची १६० वरून १८ वर. पाणी नेहमीच्या तापमानाला १. बोटं असतात पस्तीस अंशांना, त्यांना दिसतो तो ७० आणि १६० मधला फरक. इंजिन तापल्यावर उरतो ११ आणि १८ मधला. डब्यावरचा दुसरा आकडा ह्या तापलेल्या अवस्थेचा: १०० अंशांना ९.३ ते १२.५ च्या आत असेल तर ३०, १६.३ ते २१.९ च्या आत असेल तर ५०. पहिला आकडा थंडीचा, 'डब्ल्यू' म्हणजे विंटर. १०डब्ल्यूची स्टार्टिंगची परीक्षा उणे २५ अंशांना होते, २०डब्ल्यूची उणे १५ ला. नारायणगडावर उणे २५ झालं तर ऑईलची काळजी करायला आपण शिल्लक राहणार नाही. पण पहाटे दूध घेऊन निघताना ऑईल वर कॅमपर्यंत लवकर पोचावं, एवढ्यापुरतं पातळ बरंच.

मिस्त्रीची बाजू अगदीच पोकळ नाही, हेही सांगायला हवं. हवेने थंड होणारं इंजिन, एप्रिल-मेमधली चाळिशीपारची बीडची दुपार, मागे कॅन आणि पहिल्या गिअरचा चढ. असं ऑईल दीडशे अंशांना, जोरात घुसळलं जात असताना किती टिकतं ह्याचीही चाचणी असते. तिथे ३० ला किमान २.९ लागतं, तर २०डब्ल्यू-५० ला ३.७. म्हणजे जाड ऑईलला थोडी सवलत आहेच. ज्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये तापमानाप्रमाणे ग्रेडचा तक्ता दिलाय, तिथे खुशाल एक पायरी वर जावं. पण सगळ्या गाड्यांना सरसकट २०डब्ल्यू-५०? त्यात पेट्रोल जाळण्यापलीकडे काय मिळतं? शिवाय मल्टिग्रेड ऑईलचा बराचसा जाडपणा त्यातल्या पॉलिमरचा असतो आणि मोटारसायकलचे गिअर ते पॉलिमर कातरत बसतात. ओतताना जाड असलेलं दोन हजार किलोमीटरनंतर तितकं जाड नसतं.

राहिला आपला लाडका शब्द, सिंथेटिक. एके काळी ह्याचा अर्थ होता: लहान रेणू जोडून कारखान्यात बनवलेलं तेल. मग कॅस्ट्रॉलने अमेरिकेत आपल्या सिंटेकमध्ये त्याऐवजी कच्च्या तेलावरच हायड्रोजनची जबर प्रक्रिया करून केलेलं तेल वापरलं, ज्याला तिसरा गट म्हणतात. मोबिलने जाहिरातींच्या पंचांकडे, म्हणजे नॅशनल ॲडव्हर्टायझिंग डिव्हिजनकडे तक्रार केली. १९९९ मध्ये निकाल कॅस्ट्रॉलच्या बाजूने लागला. तेव्हापासून हा शब्द जाहिरात खात्याचा. तिसऱ्या गटाचं तेल वाईट नाही, उलट चांगलंच असतं. उष्णतेत लवकर सडत नाही, कमी उडतं. पण नुसत्या त्या शब्दावरून डब्यात काय आहे ते कळत नाही, आणि दर तीन हजार किलोमीटरला ऑईल बदलणाऱ्या शंभर सीसीच्या गाडीला त्या जादा आयुष्याचा उपयोगही नाही. आपण दुप्पट-तिप्पट पैसे मोजतो ते आपल्या समाधानासाठी, गाडीचं नाव पुढे करून.

मागच्या बाजूला आणखी एक ओळ असते, एपीआयची. आपल्या धंद्यातलं एपीआय नव्हे, अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट. एसएल २००१ चं, एसएम २००४, एसएन २०१०, एसपी २०२०. व्हर्जन नंबरच की! हापिसात लायब्ररीचं व्हर्जन न बघता कोणी प्रॉडक्शनवर टाकलं तर आपण त्याला फाडून खातो. मग काकाच्या गाडीत, ज्यावर त्याचं घर चालतं, ते न बघता ओतायला हात कसा धजतो?

आणि हा सगळा वाद घालणाऱ्यांपैकी कितीजणांनी मागच्या महिन्यात ऑईलची पातळी बघितली? स्प्लेंडरमध्ये लिटरभरही ऑईल नसतं. त्यातलं पाव लिटर जळालं तर उरलेलं कुठल्या गटाचं आहे ह्याने काहीही फरक पडत नाही. गाडी दोन-तीन मिनिटं चालू ठेवून बंद करायची, मधल्या स्टँडवर सपाट जागी उभी करायची आणि जरा थांबायचं. मग काडी काढून पुसायची, आटे न फिरवता नुसती टेकवायची, आणि बघायचं.